दोन पाचरी आणि एक प्रकाशकिरण

लाकूड चिरणाऱ्या सुताराची पाचर आपण सर्वांनी पाहिली आहे. तिची एक कड जाड आणि दुसरी धारेसारखी पातळ असते. व्यवहारात मात्र हा शब्द थोडा बदनाम झाला आहे. एखाद्याच्या कामात कोणी विघ्न आणले, तर त्याने 'पाचर मारली' असे आपण म्हणतो. परंतु प्रकाशाच्या वाटेत काचेची पाचर बसवली, तर ती त्याला अडवत नाही. ती त्याला किंचित वळवते आणि आपणांस हव्या त्या ठिकाणी नेऊन सोडते. हे काम ती कसे करते, आणि आरशासारखे सोपे साधन हाताशी असता शास्त्रज्ञांना तिची गरज का भासावी, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

प्रथम अडचण समजून घेऊ. १६ मे १९६० रोजी अमेरिकन शास्त्रज्ञ थिओडोर मैमन यांनी माणकाच्या कांडीपासून पहिला लेसर किरण निर्माण केला. पुढे १९६० नंतरच्या त्याच दशकात मुंबईजवळ तुर्भे येथील अणुशक्ती संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनीही गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकापासून लेसर तयार केला. दिव्याचा प्रकाश चहूकडे पसरतो. लेसरचा किरण मात्र सुताच्या दोरीसारखा एका दिशेने जातो. हाच त्याचा गुण आणि हीच त्याची अडचण. कंदील कसाही धरला तरी खोली उजळते, परंतु लेसर जरा कलला की त्याचे लक्ष्य चुकलेच.

आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. दाजीबानपेठेतील एखाद्या गच्चीवरून धारवाडच्या एका इमारतीवर लेसर किरण टाकावयाचा आहे, असे समजा. अंतर सुमारे २० किलोमीटर धरू आणि मध्ये टेकड्या किंवा घरे नाहीत असे क्षणभर मानू. चांगला किरणही दर किलोमीटरला साधारण एक मीटर पसरतो, म्हणून धारवाडला पोहोचेपर्यंत त्याचा सुमारे २० मीटर व्यासाचा प्रकाशठसा होईल. आपण किरण आरशाने वळवला आणि आरसा केवळ एक अंशाने हलला, तर काय होईल? परावर्तनाच्या नियमानुसार आरसा एक अंश फिरला की किरण दोन अंश फिरतो. २० किलोमीटरवर दोन अंश म्हणजे जवळजवळ ७०० मीटर! आपला ठसा धारवाडच्या त्या इमारतीवरून थेट दुसऱ्याच गल्लीत जाऊन पडेल. तात्पर्य, आरसा हाताची चूक दुप्पट करून पुढे पाठवतो.

आता पाचरीकडे वळू. पाचर म्हणजे अगदी लहान कोनाचा लोलक. काचेत शिरताना आणि काचेतून बाहेर पडताना प्रकाशाचे अपवर्तन होते. आपल्या वडीलधाऱ्यांच्या पुस्तकांत यालाच 'वक्रीभवन' म्हटले आहे. काचेचे दोन्ही पृष्ठभाग समांतर असतील, तर पहिल्या पृष्ठभागाने दिलेले वळण दुसरा काढून घेतो. परंतु ते एकमेकांशी थोडा कोन करत असतील, तर काही वळण शिल्लक राहते आणि किरण नेहमी जाड कडेच्या बाजूस झुकतो. लहान कोनांसाठी या विचलनाचा नियम फार सुटसुटीत आहे: अपवर्तनांकातून १ वजा करा आणि उरलेल्या संख्येने पाचरीच्या कोनास गुणा. साध्या काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ असतो, म्हणून दोन अंशांची पाचर किरणास एक अंश वळवते.

ही पाचर किरणाच्या मार्गात धरून चाकासारखी स्वतःभोवती फिरवली, तर जाड कड वर, बाजूस, खाली अशी फिरत जाते आणि तिच्यामागोमाग भिंतीवरील ठिपका वर्तुळ काढतो. मात्र एका पाचरीने एवढेच साधते. वर्तुळाच्या आत किंवा बाहेर जाणे तिच्या आवाक्यात नाही.

येथे दुसरी पाचर मदतीला येते. तेवढ्याच कोनाची दुसरी पाचर पहिलीच्या पुढे ठेवा. प्रत्येक पाचर किरणाला आपापल्या जाड कडेकडे ढकलते, आणि दोन ढकलण्यांची बेरीज आपण बलांची बेरीज करताना शिकलेल्या समांतरभुज चौकोनाच्या नियमाने होते. दोन्ही जाड कडा एका बाजूस असतील, तर विचलन दुप्पट, म्हणजे दोन अंश होईल. त्या परस्परविरुद्ध असतील, तर दोन्ही मिळून एक समांतर काच झाल्यासारखी होईल आणि किरण सरळ जाईल. त्यांच्यात १२० अंशांचा कोन ठेवला, तर विचलन बरोबर एक अंश येईल. दोन्ही पाचरी एकदम एका दिशेने फिरवल्या, तर ठिपका वर्तुळावर फिरतो. त्या सारख्या वेगाने उलट दिशांना फिरवल्या, तर तो सरळ रेषेत मागेपुढे सरकतो. या दोन हालचालींच्या मिश्रणाने त्या मोठ्या वर्तुळाच्या आतील कोणत्याही बिंदूवर किरण नेता येतो. धारवाडच्या अंतरावर या वर्तुळाची त्रिज्या सुमारे ७०० मीटर असेल.

आता मघाचीच चूक पुन्हा करून पाहू. एक पाचर आपल्या जागी एक अंशाने चुकून फिरली. किरण किती सरकेल? केवळ ६ मीटर! ठशाची त्रिज्या सुमारे १० मीटर असल्याने आपली इमारत अद्याप प्रकाशातच राहील. आरशाची एक अंशाची चूक ७०० मीटरची होते आणि पाचरीची तेवढीच चूक ६ मीटरची होते, हा फरक लहान नव्हे. शिवाय पाचर चौकटीत किंचित मागेपुढे कलली, तरी विचलनात नगण्यच फरक पडतो. म्हणजे येथे सूक्ष्मपणा स्थिर हातातून आलेला नाही. तो साधनाच्या रचनेतून आला आहे. हाताची मोठी हालचाल घेऊन ती किरणाची लहान हालचाल करून देते. हेच या लेखाचे सार आहे.

हे सर्व आम्ही कागदावर सोडवले, परंतु प्रयोगाविना विज्ञान पुरे होत नाही. काचेच्या घासलेल्या पाचरी महाग असतात, म्हणून आम्ही पाण्याच्या पाचरी केल्या. सूक्ष्मदर्शकाच्या दोन काचपट्ट्या घेतल्या. त्यांच्या लांब कडा एका बाजूस एकमेकींना टेकवल्या आणि दुसऱ्या बाजूस मध्ये आगकाडी ठेवली. उघड्या बाजू एम-सीलने बंद केल्या, एका लहान छिद्रातून सिरिंजने पाणी भरले आणि छिद्र बुजवले. पट्टीची रुंदी २५ मिलिमीटर आणि काडीची जाडी २ मिलिमीटर असल्यास पाचरीचा कोन सुमारे साडेचार अंश होतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे, म्हणून विचलन सुमारे दीड अंश यावयास हवे, आणि पाच मीटरवरील भिंतीवर ठिपका सुमारे १३ सेंटिमीटर सरकावयास हवा. प्रत्येक पाचर आम्ही पुठ्ठ्याच्या गोल चकतीतील खिडकीवर चिकटवली आणि चकतीच्या कडेवर कोनमापकाने अंश आखले.

पहिल्या पाचरीने भिंतीवर १३ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तेव्हा झालेला आनंद काय सांगावा! परंतु दुसरीने १५ सेंटिमीटरचे काढले. दोन्ही पाचरी एकमेकींविरुद्ध ठेवल्या, तरी ठिपका मूळ जागी परत येईना. तो दोन सेंटिमीटर अलीकडेच थांबे. कितीही फिरवले तरी मधल्या त्या लहान वर्तुळात किरण शिरेना. शोध घेता दोन काड्यांची जाडी सारखी नव्हती असे आढळले. दोष काडीचा नव्हता, न मोजता ती घेणाऱ्या आमचा होता. व्हर्निअर कॅलिपरने मोजून सारख्या काड्या घेतल्यावर ठिपका मुकाट्याने केंद्रावर आला. मोठ्या प्रयोगशाळांतील साधनांतही ही अडचण येते. दोन पाचरी तंतोतंत सारख्या नसतील, तर नेमका मधोमध एक आंधळा ठिपका उरतो. त्या सारख्या असल्या, तरी केंद्रावरून झपाट्याने जाणाऱ्या लक्ष्याचा पाठलाग करताना त्यांना क्षणात अर्धा फेरा घ्यावा लागतो. अशा ठिकाणी चपळ आरसाच बरा.

या जोडीस 'रिस्ले लोलक' म्हणतात, आणि हे नाव लेसरच्या फार पूर्वीचे आहे. फिलाडेल्फियाचे नेत्रवैद्य सॅम्युअल रिस्ले यांनी १८८९ मध्ये फिरता लोलक वापरात आणला, तो डोळे तपासण्यासाठी. दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिरेषा एकत्र येत नसतील, तर एका वस्तूच्या दोन वस्तू दिसतात. वैद्य डोळ्यापुढे ही जोडी धरून हळूहळू फिरवतो. ज्या क्षणी दोन प्रतिमांची एक होते, त्या क्षणी मोजपट्टीवर डोळ्याचा दोष वाचता येतो. १८९० मध्ये प्रेंटिस यांनी त्यासाठी 'प्रिझम डायॉप्टर' हे माप सुचवले: एक मीटर अंतरावर एक सेंटिमीटर विचलन म्हणजे एक प्रिझम डायॉप्टर. या मापाने आमची पाण्याची पाचर सुमारे पावणेतीन डायॉप्टरची ठरते! ज्या मुलाला वाचताना अक्षरे दुहेरी दिसतात, डोके दुखते आणि म्हणून पुस्तक नकोसे होते, त्याला घरात आणि वर्गात आळशी म्हटले जाण्याचा संभव असतो. त्याच्या डोळ्यांचा दोष दोनचार अंशांचा आहे, हे या दोन काचांनी दाखवून दिले की त्याच्यावरील आळसाचा आरोपही गळून पडतो. आमच्या वाचकांपैकी कोणास असा त्रास होत असेल, तर त्याने तो लपवू नये. घरी सांगून नेत्रवैद्यांना डोळे दाखवावेत.

आता आपल्या पुण्याकडे पाहू. डॉ. जयंत नारळीकर ज्याचे संस्थापक-संचालक होते, त्या 'आयुका' या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या खगोलशास्त्र केंद्राने अमेरिकेतील कॅल्टेक संस्थेच्या सहकार्याने 'रोबो-एओ' नावाचे यंत्र उभारले. २०११ पासून ते अमेरिकेतील पालोमार वेधशाळेच्या दीड मीटरच्या दुर्बिणीवर बसवले गेले. हे यंत्र अतिनील लेसर आकाशात सोडते आणि सुमारे १० किलोमीटर उंचीवरील हवेतून परत येणारा त्याचा प्रकाश 'कृत्रिम तारा' म्हणून वापरून वातावरणाची थरथर मोजते. तो लेसर स्थिर ठेवण्याचे काम चपळ आरसा करतो. परंतु खऱ्या ताऱ्याचा प्रकाश कॅमेऱ्याकडे जाताना त्याच्या वाटेत मात्र फिरत्या लोलकांची जोडी असते. क्षितिजाकडे झुकलेल्या ताऱ्याचा प्रकाश जाड हवेतून येताना तिच्यामुळे त्याचे अपस्करण होते, म्हणजे निळा रंग एकीकडे आणि तांबडा दुसरीकडे जातो. जणू संपूर्ण वातावरणच एक मोठी पाचर बनते! फिरत्या लोलकांची जोडी तेवढेच उलट अपस्करण करून रंग पुन्हा एकत्र आणते. तारा माथ्यावर असेल, तेव्हा दोन्ही लोलक एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. तारा जसजसा खाली येईल, तसतसे ते फिरून आपले काम वाढवतात. एकच यंत्र, परंतु त्यात आरशाने आपले काम करावे आणि लोलकाने आपले.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहावयाच्या लायगो-इंडिया प्रकल्पास केंद्र सरकारने २०२३ मध्ये अंतिम मान्यता दिली. त्याच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील आणि त्यांतून लेसर किरण येजा करील. या जातीच्या अमेरिकेतील वेधशाळांत काही आरशांच्या काचा मुद्दाम किंचित पाचरीसारख्या घासलेल्या असतात. काचेच्या मागील पृष्ठभागावरून उमटणारे नकोसे फिके परावर्तन मुख्य किरणात न मिसळता त्यामुळे बाजूस निघून जाते.

पाचरीला मर्यादाही आहेत. प्रत्येक काचपृष्ठावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दोन पाचरींची चार पृष्ठे मिळून सुमारे १५ टक्के प्रकाश वाया जातो, म्हणून त्यांवर विशेष लेप द्यावा लागतो. लेसर एकाच रंगाचा असल्याने त्याचे रंग फाकत नाहीत, परंतु निरनिराळ्या रंगांचे किरण एकाच पाचरीने निरनिराळे वळतात.

शेवटी एक कळकळीची सूचना. हा प्रयोग करावयाचा तर शिक्षकांच्या समक्ष, एक मिलिवॅटहून कमी शक्तीच्या लेसरने आणि भिंतीकडे तोंड करूनच करावा. बाजारात मिळणारे काही लेसर वर लिहिलेल्या शक्तीपेक्षा प्रबळ असतात आणि ते डोळ्याची कायमची हानी करू शकतात. किरण कोणाच्या डोळ्यांत, वाहनावर किंवा आपल्या हुबळीच्या विमानतळाकडे येणाऱ्या विमानावर कदापि टाकू नये. वैमानिकाच्या डोळ्यांपुढे क्षणभर आलेली अंधारीही शेकडो जीवांना धोक्यात घालू शकते.

आपले हात थरथरतात आणि आपल्या मोजमापांत चुका होतात. यात लाज वाटण्याजोगे काही नाही. विज्ञान माणसाकडून न थरथरणारा हात मागत नाही. चूक पुढे जाता जाता वाढण्याऐवजी लहान होईल अशी रचना शोधून काढण्यास ते शिकवते. दोन आगकाड्या मोजून घेण्याचा कंटाळा मात्र त्याला चालत नाही.