कुकरची तिसरी शिट्टी

अगं, काल तुझ्याशी बोलल्यापासून मनात तेच घोळतंय. मोबाईल दाखवल्याशिवाय चिऊ घास घेत नाही, म्हणून तू स्वतःलाच बोल लावतेस. नको लावूस. ऑफिस आणि पुण्याचं ट्रॅफिक उरकून दमलेली आई हाताशी येईल ते पुढे करते. मीही केलंय.

मोहित्यांचे वडगाव ऐकलंयस ना? सांगली जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं. कोरोनात शाळेसाठी आलेले मोबाईल पोरांच्या हातून सुटेनात, तेव्हा 2022च्या ऑगस्टपासून गावाने रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला घेतला. दीड तास मोबाईल बंद. मला भावलं ते वेगळंच. टीव्हीही बंद! म्हणजे मोठ्यांच्या मालिकाही गेल्या. नियम एकट्या पोरांच्या माथी मारला नाही.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत भोंगा वाजवला, तर दुसऱ्या दिवशी जिन्यात पाटी लागेल. म्हणून आम्ही कुकर धरला. रात्रीची तिसरी शिट्टी झाली की घरातले सगळे फोन पोळ्यांच्या जुन्या डब्यात. पहिल्याच रात्री डबा घुर्रघुर्र करत ओट्यावर थरथरायला लागला. माझा हात झाकणावर गेला. लेक वरणभात कालवत, मान वर न करता म्हणाला, "आई, तू घरातलीच ना?" काय बोलणार!

चिऊ तीन वर्षांची. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2021मध्ये सांगितलंय, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, आजी-आजोबांचा व्हिडिओ कॉल चालेल. दोन ते पाच वर्षं, दिवसाला फार तर एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने. तो तास जेवणात घालवू नकोस. तिला तुझ्या ताटाशेजारी बसव, पोळीचा तुकडा तिच्या हातात दे, सांडू दे. रडेल. घरात एकाने नाही आणि दुसऱ्याने हो म्हटलं, तर मात्र सगळं मुसळ केरात. सासूबाईंनाही आधीच विश्वासात घे.

मोठी झाली की आणखी एक. माझ्या लेकाला मी सांगून ठेवलंय, ऑनलाइन कुणी फसवलं, घाबरवलं, तर आधी माझ्याकडे ये, मी ओरडणार नाही. पैसे गेले तर 1930 या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करता येते, पण पोरगं बोललं तरच ना!

तर आज कुकर लाव. आणि डब्यात पहिला फोन तुझा पडू दे. माझा मेसेज आला तर उद्या सकाळी वाच.