उन्हाळ्यातील चिलापी : मासा सापडला, आता टिकवावा कसा?

उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरते आणि मासा थोड्या जागेत गोळा होतो. आता जाळी भरभरून येतील, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात कधी जाळे रिकामे येते, तर कधी भरलेली पाटी बाजारात पोहोचेपर्यंत मऊ पडते. दोन्हींचे कारण एकच, पाण्याची व हवेची उष्णता.

भीमा नदीवरील उजनी धरणात चिलापी मासा मोठ्या प्रमाणावर मिळतो आणि भिगवणच्या बाजारात त्याला चांगली मागणी असते. मूळचा आफ्रिकेतील हा मासा भारतात १९५२ साली आणण्यात आला.

मासा कोठे शोधावा? गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना एक लिटर पाण्यात तो सुमारे ९ मिलिग्रॅम राहतो, तर ३० अंशांना साडेसातच. खोल तळाशी तो आणखी कमी होतो. म्हणून भर उन्हात अगदी खोल पाण्यात जाळे टाकून फारसा उपयोग नाही. सकाळ-संध्याकाळ मासा चरण्यासाठी काठाजवळ येतो. जाळे सायंकाळी लावावे. गळ टाकणाऱ्याने गांडूळ किंवा कणकेची लहान गोळी लावावी, कारण चिलापीचे तोंड लहान असते.

जाळे केव्हा काढावे? जाळ्यात मेलेला मासा कोमट पाण्यात लवकर खराब होतो. म्हणून रात्रीतून एकदा जाळे तपासावे आणि ऊन चढण्यापूर्वी उचलावे.

बर्फाचा हिशेब : उन्हाळ्यात एक किलो माशाला एक किलो बर्फ धरावा. बर्फ बारीक फोडून खाली एक थर, मग मासे, पुन्हा बर्फ, असे थर द्यावेत. वितळलेले पाणी निघून जाण्यास पेटीला खाली भोक असावे. समजा, माल २० किलो आहे. ताज्याचा भाव किलोला १०० रुपये आणि मऊ पडलेल्याचा ६० रुपये धरला, तर नुकसान ८०० रुपये होते. बर्फ ५ रुपये किलो धरल्यास खर्च फक्त १०० रुपये. बर्फाचे पैसे वाचविणारा ७०० रुपये गमावतो.

बारीक आसाचे जाळे नको : पाणी कमी असताना अशा जाळ्यात चिलापीबरोबर रोहू-कटल्याची बोटुकलीही येतात. आज ती कवडीमोलाने जातात. पाण्यात राहिली तर वर्षभरात तोच मासा किलोच्या भावाने विकता येतो. शिवाय तलावाचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो. तिची परवानगी व जाळ्याविषयीचे नियम आधी विचारून घ्यावेत.

थोडक्यात, उन्हाळ्यात कमाई केवळ जास्त मासा पकडण्यात नाही. वेळेवर जाळे उचलणे, पुरेसा बर्फ घालणे आणि लहान मासा सोडून देणे, या तीन गोष्टी पाळणाऱ्याचाच धंदा पुढच्या वर्षीही चालेल.