लोखंडी नांगर, मोट आणि जमिनीचे तुकडे

लोखंडी नांगरानें काय बदललें, असा प्रश्न केला म्हणजे बहुतेक शेतकरी ‘नांगरट खोल होऊं लागली’ असें उत्तर देतात. उत्तर खरें आहे. पण तें अर्धेंच आहे. नवें औत शेतांत येतें तेव्हां गांवांतील देणेंघेणेंही फिरतें, आणि पुष्कळदां औतापेक्षां या फिरलेल्या देण्याघेण्याचाच परिणाम अधिक काळ टिकतो. मारुंजी व तिच्या आसपासच्या मुळशी-मावळ भागांतील खातेदारांस यंत्रें विकत घेण्याचा मोह आज पडत आहे, म्हणून या गोष्टीचा थोडा विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

जुना नांगर बाभळीच्या लांकडाचा असे. हाळीस, रुमणें, जूं हें सर्व सुतार करी आणि फाळाचें काम लोहाराकडे असे. त्याबद्दल दोघांस सुगीच्या वेळीं खळ्यावर धान्य मिळे. रोख पैशाचा प्रश्न येत नसे. हा नांगर जमीन फाडी, पण पलटीत नसे. त्यामुळें हरळीचीं व कुंद्याचीं मुळें खालीं तशींच जिवंत राहत. भारी जमिनींत त्यास बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत. एकट्याच्या दावणीस इतके बैल कोठून असणार? म्हणून इर्जिक असे: शेजाऱ्यांनीं आपापले बैल घेऊन यावें, दिवसभर नांगरावें, आणि ज्याचें शेत त्यानें सर्वांस जेवूं घालावें. ज्यांची एकच जोडी असे, ते वारंगुळ्यानें एकमेकांचें काम उरकीत.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवीं प्रथम कडबा कापण्याचीं यंत्रें व मागाहून लोखंडी नांगर करण्यास आरंभ केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशी लोकांची समजूत होती. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. पुढें 1910 सालीं औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांच्या आश्रयानें कुंडल रोड स्टेशनाजवळील 32 एकर निवडुंगाच्या माळावर त्यांनीं कारखाना नेला, तीच किर्लोस्करवाडी. ज्या शेतकऱ्यानें एकदां हरळी मुळासकट उलटून उन्हांत वाळलेली पाहिली, त्यास विषाची गोष्ट पुन्हां सांगावी लागली नाहीं.

परंतु हा नांगर रोख पैशानें घ्यावा लागे, आणि त्याचे सुटे भागही दुकानांतूनच येत. सुताराचें एक मोठें काम त्यामुळें गेलें आणि खळ्यावरील त्याचा वांटा आखडला. बलुत्याची पद्धत म्हणजे रामराज्य होतें असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. वर्षभर राबवून घेऊन सुगीस हात आखडता घेणारे खातेदार पूर्वीं कमी नव्हते. तरी पण ज्या वर्षीं पीक बुडे त्या वर्षीं सुताराचाही वांटा बुडे, म्हणजे नुकसान दोघांचें होई. दुकानदाराचें बिल मात्र पावसाकडे पाहत नाहीं.

मोटेच्या बाबतींत हेंच अधिक स्पष्ट दिसतें. चांभारानें शिवलेली मोट, मांगानें वळलेला नाडा व सोंदूर, सुताराचें चाक, आणि धावेवर दिवसभर मागेंपुढें जाणारे बैल, इतक्यांच्या श्रमांनीं पाणी थारोळ्यांत पडे. खडकीस 1946 सालीं किर्लोस्करांचा तेलावरील इंजिनांचा कारखाना निघाला, नंतर विजेचे पंप आले आणि मोटा अडगळींत गेल्या. बैलांचे हाल चुकले, बागाईत वाढली. मात्र मोट विहिरीस दमानें उपसी. पंप थोडक्या तासांत तळ दाखवितो. सामाईक विहिरींच्या पाळ्या पूर्वीं दिवसांवर ठरत, त्या आतां तासांवर येऊन भांडणें वाढलीं. (विजेविषयीं बोलतांना मुळशीचा विसर पडूं नये. याच तालुक्यांतील टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 सालीं सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं सत्याग्रह झाला. जमिनी येथील बुडाल्या आणि वीज मुंबईकडे गेली.)

आतां मुख्य अडचणीकडे वळूं. मारुंजीच्या पूर्वेस वाकडपलीकडे असलेल्या पिंपळे सौदागर गांवाची पाहणी पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं केली व ती 1917 सालीं प्रसिद्ध झाली. त्यांत 156 खातेदारांच्या जमिनीचे 729 तुकडे आढळले. पैकीं 463 एका एकराहून लहान आणि 112 तर पाव एकराहूनही लहान होते. 1771 सालीं जेथें सरासरी 40 एकरांचें खातें होतें, तेथें तें सुमारें 7 एकरांवर आलें होतें. तुकडेबंदीचा कायदा 1947 सालीं झाला. पण भावांच्या वांटण्या कायद्यानें थांबल्या नाहींत. आज पिंपळे सौदागरांत शेतांच्या जागीं इमारती आहेत, आणि हिंजवडीची संगणकनगरी मारुंजीच्या अगदीं शेजारीं आहे.

अशा ठिकाणीं ज्याचे वीस-वीस गुंठ्यांचे तीन तुकडे तीन दिशांस आहेत, त्यानें कर्ज काढून ट्रॅक्टर घेतल्यास निम्मा वेळ वळणांत व वाटेंत जातो आणि हप्ता मात्र पुरा द्यावा लागतो. त्यानें तो तासाच्या भाड्यानें आणावा, किंवा आठदहा खातेदारांनीं मिळून घ्यावा व पाळ्या आधींच कागदावर लिहून ठेवाव्या, असें आमचें स्पष्ट मत आहे. इर्जिकेंत बैल एकत्र येत होते, तर यंत्र एकत्र कां येऊं नये?

लहान तुकड्यास शोभणारे शोधही आहेत. वडगांव मावळच्या संशोधन केंद्रानें आंबेमोहोर 157 व आय. आर. 8 यांच्या संकरानें 1987 सालीं दिलेलें इंद्रायणी भात दहा गुंठ्यांतही तितकेंच चांगलें येतें. त्याच्या जोडीस चारसूत्री पद्धत घ्यावी. भाताचें तूस वा पेंढा जमिनीस परत देणें, गिरिपुष्पाचा पाला गाडणें, नियंत्रित लावणी करणें आणि खताच्या गोळ्या खोचणें, हीं तीं चार सूत्रें. लावणीसाठीं दोरीवर आळीपाळीनें 15 व 25 सेंटिमीटरवर खुणा कराव्या, दोन ओळींतील अंतरही तसेंच आळीपाळीनें ठेवावें, आणि जवळजवळच्या चार चुडांच्या मधोमध एक गोळी बोटानें 7 ते 10 सेंटिमीटर खोल दाबावी. पाण्याबरोबर खत वाहून जात नाहीं व तें कमी लागतें. प्रथम लावणीस वेळ अधिक लागतो, म्हणून बायांस मजुरी ठरवितांना हें लक्षांत घ्यावें. दोरी घरच्या घरीं होते. खुणांस रंगीत चिंध्या बांधल्या तरी चालतात.