चैत्रगौरीची आरास आणि बागचे फूल

चैत्र लागला की माळव्यातील बागांतून मोगरा दरवळू लागतो. धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थाने; तेथील मराठी घरांतून याच दिवसांत चैत्रगौर बसते. गौरीपुढे ताजी फुले मांडावीत, तर ती उन्हाने दुपारीच मलूल होतात. मात्र म्हणून प्लॅस्टिकची फुले आणण्याचे कारण नाही. धार जिल्ह्यातील बाग या गावी न कोमेजणारी फुले कापडावर उमलतात.

बाग हे गाव प्राचीन बौद्ध लेण्यांप्रमाणेच खत्री कारागिरांच्या छपाईसाठीही प्रसिद्ध आहे. त्यांच्या लाकडी ठशांवर चमेलीची फुले व वेली कोरलेल्या असतात. कापड प्रथम मीठ, एरंडेल व शेळीच्या लेंड्या यांच्या मिश्रणात मुरवून धुतात. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात. गंजलेल्या लोखंडापासून केलेल्या द्रवाचा ठसा हिरड्यातील टॅनिनशी संयोग पावून काळा होतो. तुरटी स्वतः रंगहीन. परंतु तिचा ठसा अलिझरिनच्या उकळत्या पाण्यात लाल होऊन उठतो. त्या कढईत धावडीची सुकी फुलेही पडतात. म्हणजे कापडावरील फुलासाठी रानातले फूल खर्ची पडते!

एके काळी हे कापड मुख्यतः आसपासच्या आदिवासींच्या वस्त्रांसाठी छापले जाई. कृत्रिम धाग्याचे स्वस्त कापड आले आणि मागणी ओसरली. तेव्हा इस्माईल सुलेमान खत्री यांनी तेच ठसे साड्या व चादरी यांवर उमटवून कलेला नवे ग्राहक मिळवून दिले.

आपल्या घरी आजीच्या पेटीत बागची जुनी चादर असेल, तर ती न कापता, नीट घडी घालून गौरीच्या पाठीमागे लावावी. ती वेगळी, थंड पाण्यात धुवावी व सावलीत वाळवावी. विरलेल्या चादरीचा धड भाग उशीच्या अभ्र्यास उपयोगी पडतो.

जुना ठसाही भिंतीवर शोभून दिसतो, हे खरे. परंतु ठसा खुंटीला टांगला की त्याचे काम संपते. म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, घर सजवताना ठसा कारागिराच्या हाती राहू द्यावा आणि त्याने छापलेले कापड घरी आणावे. जुने फूल असेच ताजे राहते.