कारवीचा मध आणि मिश्रणाचा प्रश्न

मध म्हणजे एकच एक पदार्थ, असा सर्वसाधारण समज आहे. महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरी माश्या पाळणारा मधपाळ तो मान्य करणार नाही. उन्हाळ्यात जांभूळ व हिरडा फुलतात. जांभळाचा मध गडद असून त्याच्या गोडीमागे किंचित कडवटपणा जाणवतो. पावसाळ्याच्या अखेरीस कारवीवर मिळणारा मध दाट असतो. पण कारवी साधारणतः आठ वर्षांतून एकदाच सामुदायिकरीत्या फुलते, बी धरते आणि मरते. मुंबईच्या बोरिवली येथील राष्ट्रीय उद्यानात असा बहर २००८ व २०१६ साली आला होता. एकाच डोंगराकडून दरवर्षी हा मध मागणे व्यर्थ होय.

असे दुर्मिळ मध एकत्र करून ते आकर्षक बाटलीतून चढ्या किमतीस विकले जातात. मिश्रणात गैर काही नाही. जांभळाचा कडवटपणा त्यामुळे सौम्य होतो. मात्र प्रत्येक फुलोऱ्याची स्वतंत्र ओळख पुसली जाते, आणि अडचण केवळ चवीची नाही. अन्नविषयक भारतीय मानकांनुसार मधात सुक्रोज, म्हणजे उसात असते ती साखर, ५ टक्क्यांपर्यंतच चालते. कारवीच्या मधास मात्र १० टक्क्यांपर्यंत सवलत आहे, कारण त्यात ती निसर्गतःच अधिक असू शकते. हा मध नोंद न ठेवता इतर मधात ओतला, तर तपासणीत प्रामाणिक मधपाळाचा मालही भेसळीचा ठरण्याची भीती असते.

ओलाव्याची मर्यादा २० टक्के आहे. माश्यांनी मेणाने बंद न केलेल्या कोठ्यांतील अपक्व मध मिसळल्यास सारे मिश्रण आंबू शकते. मग ते तापवले जाते आणि ज्या सुगंधासाठी ग्राहक अधिक पैसे मोजतो तोच उडून जातो. गोठलेला मध भेसळीचा, ही समजूतही चुकीची आहे. द्राक्षशर्करा अधिक असलेला शुद्ध मध लवकर रवाळ होतो. शिक्षकांनी हे विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावे.

महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ साली देशातील पहिले मधाचे गाव म्हणून घोषित झाले. अशा गावांच्या पंचायतींनी पेटी कोणत्या रानात होती, भोवती काय फुलले होते व मध कोणत्या तारखेस काढला, एवढ्या तीन नोंदी प्रत्येक डब्यावर लिहून घ्याव्यात. त्यास खर्च जवळजवळ येत नाही.