चेहऱ्याला वाफ घेताना

माय-बहिणींनो, थंडी सुरू झाली की आमच्या राजूरमध्ये भंडारदऱ्याकडचं गार वारं अंगाला झोंबतं. गाल फुटतात, ओठ उलतात. मग मुली विचारतात, "ताई, चेहऱ्याला वाफ घेतली तर चालेल का?" चालेल. त्यासाठी पार्लरला पैसे द्यायला नकोत. पातेलं, पाणी आणि टॉवेल पुरे. पण प्रत्येकीची कातडी सारखी नसते, म्हणून वाफेचं मापही वेगळं असतं.

वाफेने काय होतं?
वाफेच्या उबेने कातडीवरचं तेल आणि मळ मऊ होतो, तो धुऊन काढणं सोपं जातं. रक्त पुरवठा थोडा वेळ वाढतो म्हणून चेहरा टवटवीत दिसतो. एवढंच. वाफेने रंग उजळत नाही, मुरूम कायमचे जात नाहीत.

आपली कातडी ओळखा
साध्या पाण्याने तोंड धुवा, काही न लावता तासभर थांबा. मग आरशात बघा.
• तेलकट : कपाळ, नाक, हनुवटी चकाकते. आठवड्यातून एकदा, 5 ते 8 मिनिटे वाफ घ्या.
• कोरडी : कातडी ताणल्यासारखी वाटते, पापुद्रे निघतात. पंधरा दिवसांतून एकदा, 3 मिनिटे पुरे. नंतर चेहरा ओलसर असतानाच व्हॅसलीन हलकं लावा.
• मिश्र : कपाळ-नाक तेलकट, गाल कोरडे. 4-5 मिनिटे.
• नाजूक : लगेच लाल होते, चुणचुणते. वाफ टाळलेलीच बरी.

वाफ कोणी घेऊ नये?
गालावर वांग असेल तर उष्णतेने तो वाढू शकतो. पू झालेले मुरूम, इसब, जखम, उन्हाने भाजलेली कातडी असेल तरीही घेऊ नका. दम्याच्या पेशंटने आधी डॉक्टरांना विचारावं.

पद्धत
पाणी उकळलं की चूल किंवा गॅस बंद करा. पातेलं खाली सपाट जागेवर ठेवा, दोन मिनिटे थांबा. तोंड धुऊन, केस बांधून, डोळे मिटून साधारण दीड वीत अंतरावरून वाफ घ्या. चटका लागला तर लगेच मागे व्हा. पाण्यात बाम, लिंबू घालू नका. डोळ्यांना आणि कातडीला त्रास होतो. साधं पाणीच चांगलं. शेवटी कोमट पाण्याने तोंड धुवा, टॉवेलने घासू नका, टिपून घ्या. मुरूम नखाने फोडू नका, डाग राहतात.

सर्वांत महत्त्वाचं
नर्स म्हणून काम करताना आम्ही भाजलेली लेकरं पाहिली आहेत. एका खोलीचं घर, खाली ठेवलेलं गरम पाणी, आईच्या डोक्यावर टॉवेल, आणि रांगत आलेलं मूल. लहान मूल जागं असेल आणि सांभाळायला दुसरं कोणी नसेल, तर त्या दिवशी वाफ घेऊच नका. तरी भाजलंच, तर 20 मिनिटे गार पाणी सतत ओता. नळाला पाणी नसेल तर तांब्याने ओता. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नका. स्वच्छ कपड्याने झाका आणि सरकारी दवाखान्यात न्या. 108 ला फोन करा.

आणखी एक गोष्ट
वाफेने गोरं होता येत नाही कळलं की काही मुली दुकानातून "गोरं करणारी" ट्यूब आणतात. अशा काही ट्यूबमध्ये स्टिरॉईड असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, मुरूम उठतात, नायटा पसरतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अशी ट्यूब घेऊ नका. आधीच लावत असाल तर लाजू नका. ट्यूब सोबत घेऊन डॉक्टरांना दाखवा.

लेकीला "काळी" म्हणून हिणवणारं बोलणं आधी आपल्या घरातून बंद करू. कातडी स्वच्छ आणि निरोगी असावी, एवढंच बघायचं. रंगात कमीपणा नाही, हे तिला आपणच सांगायचं आहे.