दूषित भूमी, बीजांकुरण आणि आपली वनौषधी

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भूमिप्रविभागीय हा स्वतंत्र अध्याय आहे. औषधी कोणत्या भूमीतून घ्यावी हे सांगताना वारूळ, स्मशान, खाचखळगे यांनी बिघडलेली जागा तेथे वर्ज्य मानली आहे. या यादीत कारखान्याच्या सांडपाण्याचा नाला आणि मैलापाण्यावर भिजणारे शेत यांची भर आता आपणच घालावयास हवी.

जमिनीत शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू असले तरी बी बहुधा रुजते. बीजकवच धातूला काही काळ बाहेर थोपविते व अंकुर बीजातील साठ्यावर वाढू लागतो. धातूचे प्रमाण फार झाले म्हणजे मात्र साठ्यातील पिष्टाचे विघटन मंदावते आणि रुजणेही लांबते. खरा आघात होतो तो कोवळ्या मुळावर. कवचाबाहेर येताच त्याच्या टोकाशी पेशीविभाजन मंदावते. मूळ आखूड, जाडसर व तपकिरी राहते, उपमुळे थोडी फुटतात. म्हणून किती बिया रुजल्या हे मोजून भूमिपरीक्षा होत नाही, मुळाची लांबी पाहावी लागते. मेथीच्या बिया चांगल्या व संशयित अशा दोन्ही मातींत एकाच दिवशी पेरून पाच-सहा दिवसांनी मुळे शेजारी ठेवून पाहावीत. आखूड मूळ हा इशारा समजावा (जमीन खारवट असली तरीही मूळ आखूडते, हे ध्यानी असावे). लांब मूळ मात्र निर्दोषत्वाचा दाखला नव्हे.

औषधनिर्मात्यांची अडचण नेमकी येथेच आहे. कॅडमियममुळे वनस्पती रोगट दिसावयास पानांतील त्याचे प्रमाण सामान्यतः दहा लक्ष भागांत ५ ते १० भाग व्हावे लागते. औषधी द्रव्यासाठी आपल्याकडील मर्यादा आहे ०.३ भाग. म्हणजे मर्यादेच्या दसपट कॅडमियम असलेली जुडीही हिरवीगार दिसू शकते. रूप, गंध, रस यांपैकी काहीच सावध करीत नाही. शिसे बहुतांशी मुळातच अडकते, कॅडमियम पानांपर्यंत चढते. नाल्याकाठची ब्राह्मी आणि तेथलाच वाळा, दोन्ही टाळावीत ती अशा वेगवेगळ्या कारणांनी. वरची धूळ धुतल्याने जाते, आत शिरलेला धातू जात नाही. शिवाय आम्ल जांभ्या जमिनीत कॅडमियम जितके सहज शोषले जाते तितके चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत जात नाही.

डिसेंबर २००४ मध्ये बोस्टन परिसरातील ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू आढळल्याचे प्रसिद्ध झाले, आणि १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधींना धातुपरीक्षण सक्तीचे झाले. हा वाद केवळ भस्मांचा, असे म्हणून आपल्यापैकी अनेकांनी हात झटकले. आमच्या मते काष्ठौषधी विकत घेतानाच शेत कोणते आणि पाणी कशाचे, हे पुरवठादारास विचारावे व नमुना कुटण्यापूर्वी प्रयोगशाळेत धाडावा. चार ठिकाणचा माल एका घाण्यात मिसळल्यावर दोष कोणत्या भूमीचा, हे शोधता येत नाही.